पन्हळीचं काम: पत्रा बसला, कौलं कापणं चालू

ओटीचं आणि स्वयंपाकघराचं छप्पर जिथे काटकोनात मिळतं, ती पन्हळ यंदा शाकारणीच्या निमित्ताने पूर्ण उघडली. जुन्या सिमेंटच्या थराखाली ओला पाला दबून बसला होता आणि कोनवाशाची (पन्हळीखालच्या तिरक्या वाशाची) वरची कड नखाने खरवडली तरी निघत होती. कुजकं तेवढं तासून फणसाची पट्टी जोडली, दोन्ही अंगांना फळ्या ठोकून पत्र्याला सलग बैठक केली.

एक हिशेब सगळ्यांनी करून बघावा. दोन्ही छपरांचा उतार ३० अंश असला तरी ती काटकोनात मिळतात त्या रेषेचा उतार जेमतेम २२ अंश भरतो. पाणी दोन छपरांचं आणि उतार कमी! मंगलोरी कौलांचं घर बहुतेक वेळा इथेच गळतं ते त्यामुळे.

८ बाय ४ फुटी जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा उभा मधोमध कापून दोन फुटी पट्ट्या केल्या. पत्रेवाल्याकडून मधोमध इंचभर उंच उभी घडी काढून घेतली. ओटीचं छप्पर मोठं आहे. तिकडून जोरात आलेलं पाणी समोरच्या कौलांखाली चढतं, ते ही घडी अडवते. दोन्ही कडा वर वळवून आत मुडपल्या आणि त्या मुडपीत पत्र्याचेच चिमटे अडकवून खिळे फक्त चिमट्यांना मारले. पत्र्याला एकही भोक नाही, शिवाय उन्हात तो मिलिमीटरभर वाढतो त्यालाही वाव राहिला. काम वळचणीकडून वर, वरचा तुकडा खालच्यावर आठ इंच.

गवंडीदादांचा आग्रह होता, "कडेला शिमीट मारून टाकू." मी ठाम नाही म्हटलं. सिमेंटला चीर जाते, चिरेतून पाणी ओढलं जातं आणि पाला अडकतो. त्याऐवजी दोन्हीकडच्या कौलांमध्ये पाच इंच मोकळी वाट ठेवतोय. हात घालून साफ करता आली पाहिजे.

आता दोरी मारून ग्राइंडरने कौलं कापतोय. पत्र्यावर कापायचं नाही, ठिणग्या आणि ओरखड्यांनी जस्ताचा थर जातो. कोपऱ्यातले तिरके तुकडे रिपेवर (कौलांखालच्या आडव्या पट्टीवर) टेकत नाहीत, त्यांना भोक पाडून तांब्याच्या नव्हे, जस्ती तारेने बांधतोय; तांब्यावरून आलेलं पाणी जस्ताला खातं. ओटीची बाजू झाली. स्वयंपाकघराकडची बाकी आहे, मग आढ्याजवळचा सांधा.