हा माणूस निघाला कशासाठी?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रवासवर्णनावर लिहायला बसले, तेव्हा पहिल्यांदा हे आठवलं: पेण तालुक्यात शिकलेल्याला प्रवासवर्णनाचा गुरू शोधायला लांब जावं लागत नाही. वरसई आपल्याच तालुक्यातली. तिथले विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात जायला निघाले, ऐन बंडात सापडले आणि पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी ते सगळं लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केलं. मी आज बँकेतली नोकरी सांभाळून दिवाळी अंकांत चार प्रवासलेख लिहिते, त्याची सुरुवात या पुस्तकापासून झाली आणि ते हातात दिलं आपल्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी. (बाईंना आपलं नाव कुठे छापलेलं आवडायचं नाही, म्हणून इथेही नुसतं ‘बाई’.)

इतिहासाच्या तासाला झाशी म्हटलं की राणी, घोडा आणि तलवार. बाईंच्या तासाला झाशी यायच्या आधीच आम्ही अडकून पडायचो, कारण त्यांचे प्रश्न ठरलेले असत. हा माणूस कोण? निघाला कशासाठी? खर्च कुणाच्या पैशाने चाललाय? उत्तरं पुस्तकात होती. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत अशी बातमी आली होती, तिथे दक्षिणा चांगली मिळेल या आशेने हा भिक्षुक निघाला. लढाई बघायला नव्हे, देशाटनालाही नव्हे. महूच्या आसपास शिपाईच त्यांना सांगतात की आता दंगा होणार, आणि तरीही ते मागे फिरत नाहीत. बाई विचारायच्या, “का नाही फिरत?” वर्गात शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, “बाई, हात हलवत घरी कसा जाईल?” त्या मुलाला बाईंनी दिलेली शाबासकी मला अजून आठवते, कारण ती मला हवी होती.

पुढे झाशी पडते. तीन दिवस कत्तल चालते, वाड्यातला ग्रंथसंग्रह जातो, आणि लूट सुरू होते. या लुटीचं वर्णन करताना गोडसे भटजी छाती पिटत नाहीत. सोनंनाणं, तांब्यापितळेची भांडी, कपडे, धान्य, काय काय गेलं ते सांगत जातात. कुणाकडून किती दक्षिणा मिळाली हे ध्यानात ठेवणारीच ही नजर. त्यांची स्वतःची मिळकतही त्यात गेली. काल्पीकडच्या वाटेवर राणी विहिरीपाशी भेटते, ती दमलेली, धुळीने माखलेली आणि तहानलेली. हा प्रसंग वाचून ज्याचं काळीज हलत नाही त्याने प्रवासवर्णनाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं आपलं मत. शेवटी पैसा नाहीच, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन भटजी वरसईला परततात. मोठी घटना लहान माणसाच्या गरजेतून दिसली की ती खरी वाटते. हे मला तेव्हा कळलं असं नाही, पण बाईंच्या प्रश्नांची सवय लागली.

त्या वर्षी सहल रायगडला गेली. रोपवे यायच्या आधीचा काळ, सगळे पायऱ्या चढून वर. परतल्यावर निबंध. चाळीस वह्यांत एकच सूर्य उगवला होता आणि एकच निसर्गरम्य वातावरण पसरलं होतं. बाईंनी ‘निसर्गरम्य’वर लाल रेघ मारून समासात लिहिलं होतं: ताक कुणी विकलं? कितीला? गडावरच्या धनगर बायका मडक्यातून ताक घेऊन बसलेल्या होत्या, ते आम्ही सगळेच प्यालो होतो आणि एकानेही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेच्या वह्यांत मग ताकच ताक झालं, तो भाग वेगळा.

नववीत पुलंची लाट आली. ‘अपूर्वाई’ (१९६०) वर्गात हातोहात फिरली, शि. द. फडणिसांच्या चित्रांवर शाईचे डाग पडले, आणि प्रत्येक जण विनोदी प्रवासवर्णन लिहू लागला. कुणी पालीला गेला, कुणी मामाकडे पनवेलला. सगळ्यांनी वाटेत भेटलेल्या माणसांची टिंगल केली. बाईंनी फारसं काही म्हटलं नाही. इंग्लंडला निघण्याआधीच्या तयारीची पानं मोठ्याने वाचून घेतली आणि इतकंच विचारलं, “यात पहिल्यांदा हसू कुणाचं झालंय?” पुलंचं स्वतःचं. विलायतेला निघालेला, सूट शिवून घेणारा, येईल त्याचा सल्ला ऐकून घेणारा मराठी मध्यमवर्गीय माणूस म्हणजे त्या पुस्तकातला ‘मी’. त्याने आधी स्वतःला समोर उभं केलंय, म्हणून पुढे त्याला साहेबावर हसण्याचा हक्क मिळतो. नक्कल करणाऱ्यांना विनोद सापडतो, हा ‘मी’ सापडत नाही. आजही सापडत नाही. दिवाळी अंक उघडून बघा.

पण मला ज्या लेखाने खऱ्या अर्थाने हलवलं तो इरावती कर्व्यांचा. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातला ‘वाटचाल’, पंढरीच्या वारीवरचा. मराठीत यापेक्षा चांगला प्रवासलेख मी वाचलेला नाही. समाजशास्त्राची अभ्यासक वारीत चालते, अभ्यासासारखंच सुरू होतं, आणि चालता चालता ती बाई वारकरी होत जाते. तोंडी एकच नाम, पण दिंड्या जातीजातींच्या वेगळ्या, जेवणं वेगळी. हे तिला खुपतं आणि खुपलेलं ती लपवत नाही. भक्तीने डोळे भरून येणं आणि त्याच डोळ्यांना पंगतीतली फट दिसणं, दोन्ही एकाच लेखात. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही तिची व्याख्या आता भाषणांत सर्रास येते. तिच्याआधीची ती खुपणारी पानं मात्र भाषणांत येत नाहीत.

गोनीदांची (गो. नी. दांडेकरांची) नर्मदा परिक्रमेवरची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ मी कॉलेजात वाचली. इथे तर लेखकाने शीर्षकातच स्वतःचं नाव पुसलंय. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, मिळेल ते सदावर्ताचं अन्न खायचं, हे परिक्रमेचे नियम. ज्याला कुणी काय वाढावं हे ठरवायचा अधिकारच नाही, त्याने ‘मी’ मोठा करून कसं चालेल? बाईंचा खर्चाचा प्रश्न मला तिथे पुन्हा भेटला.

मग माझा ‘मी’ कोणता? मी ना भिक्षुक, ना पुलं, ना संशोधक. कॅश काउंटरवर वर्षं काढलेली, एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास-सवलतीवर, फिरणारी बाई. पंजाब मेलने झाशीला गेले तेव्हा पिशवीत गोडसे भटजी होतेच. किल्ला पाहिला, राणीमहाल पाहिला, आणि रात्री लॉजवर लिहायला बसले तर वहीत एकदम ग्रंथालयातला इतिहास उतरायला लागला. तो खोडला. दिवसभरात मी खरोखर काय टिपलं होतं? हात नोटांकडे जात होते. राणीमहालाबाहेरच्या चहावाल्याने चिकटपट्टी लावलेली नोट परत केली, रिक्षावाल्याने तीच घेतली आणि पुढच्या चौकात पोराच्या हातात खपवली. त्या नोटेच्या मागे मागे मी आख्खं शहर लिहिलं. तो माझा पहिला छापून आलेला लेख.

आता स्मरणिका समितीला एक सुचवते. दत्तो वामन पोतदारांनी गोडसे भटजींच्या मूळ हस्तलिखितावरून १९६६ साली आवृत्ती काढली. वैद्यांनी घासूनपुसून दिलेल्या भाषेमागे भटजी खरे कसे बोलायचे ते तिच्यात दिसतं. अमृतमहोत्सवाच्या वर्गणीतून कमानीला रंग देऊन काही उरलं, तर ती प्रत आणि ‘परिपूर्ती’ ग्रंथालयात घ्या. आठवीच्या वर्गाला वरसईला घेऊन जा, एसटीने. आणि कपाटाची किल्ली ऑफिसात न ठेवता वर्गप्रतिनिधीकडे द्या. पुस्तकं हरवतील, ती पुन्हा घ्यायचा खर्च माझ्याकडे लागला.