त्रिंकोमाली आणि ‘नमुना क’

जहाजाचे जुने नकाशे मागायच्या फॉर्मवर ‘जहाज कोणत्या सालचं हवं?’ एवढा एक रकाना असता, तर माझे पाच महिने वाचले असते.

एचएमएस त्रिंकोमालीचं मॉडेल करायचं केव्हापासून मनात होतं. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ब्रिटिश नौदलाची सागवानी फ्रिगेट (वेगवान, मध्यम आकाराची युद्धनौका), १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलेली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगती. प्रमाण १:९६ धरलं, म्हणजे फुटाला इंचाचा आठवा भाग. दीडशे फुटांचा तोफांचा डेक १९ इंचांत बसतो. लाकूड, सरस, कानशी आठवड्यात जमल्या. गाडं अडलं नकाशांपाशी.

एका अभिलेखागाराकडे प्रती मागितल्या. फॉर्मवर पत्रकाचा, म्हणजे नकाशाच्या कागदाचा, क्रमांक हवा. तो मला कुठून ठाऊक असणार? रकाना कोरा सोडला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘क्रमांक द्या.’ क्रमांकांची यादी मागितली, तर त्यासाठी वेगळा अर्ज. हेतूत ‘छंद’ लिहिलं, तर ‘नमुना क’ भरा: प्रकाशन कुठे, प्रती किती? अहो, एकच नग करतोय, कपाटावर ठेवायला! पैसे भरले आणि दोन महिने चिडीचूप.

शेवटी पत्रक आलं. हरखून मागची बाजू रचायला घेतली आणि मग तोफांच्या खिडक्या मोजल्या. जुळेनात. मला हवी होती १८१७ ची ३८ तोफांची, चौकोनी पाठीची (म्हणजे मागच्या टोकाची) नौका. इंग्लंडला पोचल्यावर ती कितीतरी वर्षं राखीवच पडून होती. १८४० च्या दशकात कामाला काढताना तिची २६ तोफांची कॉर्व्हेट (फ्रिगेटहून खालच्या दर्जाची युद्धनौका) केली, पाठही लंबगोल केली. माझ्या हातात तेच बदललेलं रूप! तक्रार केली, तर उत्तर: ‘आपण नाव दिले होते, वर्ष नाही.’ बरोबर होतं त्यांचं, म्हणून जास्तच चिडलो.

या जहाजाला नकाशांचा शापच असावा. मुंबईला पाठवलेले मूळ नकाशे एचएमएस जावा या ब्रिटिश युद्धनौकेवर होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने तिला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ हरवलं आणि नंतर जाळून टाकलं. नवे नकाशे येऊन कणा (जहाजाच्या तळाचा मुख्य वासा) बसायला १८१६ उजाडलं. हे वाचल्यावर माझा पारा थोडा उतरला. थोडाच.

सुटका झाली ती वर्गाच्या नावाने. त्रिंकोमाली ‘लेडा’ वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्यावरून बांधलेल्या जहाजांतली; त्या वर्गाचा आराखडा १७८२ मध्ये पकडलेल्या एबे या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतलेला. ‘लेडा वर्ग, चौकोनी पाठ’ असं लिहिल्यावर आठ दिवसांत योग्य पत्रक हजर. तेव्हा नावाबरोबर वर्ग आणि वर्ष दोन्ही लिहा, आणि छंद असला तरी ‘प्रकाशन नाही’ हे पहिल्याच पत्रात सांगून टाका.

फळ्या बसवणं त्यामानाने सुखाचं: पट्ट्या कोमट पाण्यात भिजवायच्या आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने लावायच्या, नाहीतर सांगाडा पिळतो. वाडियांनी कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता, म्हणून मीही चांदीच्या तारेचा तुकडा बसवला. आता तो फळ्यांखाली गेलाय, पण मला माहीत आहे.

आणि हो, प्रत हाती आली की आधी तिच्यावरची मापपट्टी फुटपट्टीने ताडून बघा. माझं दुसरं पत्रक किंचित आखडून छापलं होतं. कापलेल्या पहिल्या तीन फ्रेम (सांगाड्याच्या फासळ्या) त्यापायी वाया गेल्या.