जुलैतली रक्ताची स्लाइड: माझा अनुभव

ढाबळीतल्या कबुतराच्या रक्तात परजीवी बघायचे तर पंखाच्या शिरेतला एक थेंब पुरतो. टोचण्यात, थेंब पसरवण्यात काही अडलं नाही. अडलं ते वाळवण्यात. खानापूरच्या बाजूला, भर पावसात.

एरवी पातळ स्लाइड दहा-पंधरा सेकंदांत वाळते. जुलैत ती ओलीच राहते, आणि इथेच घात होतो. रक्त अंगाबाहेर आलं की थंड होतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो. परजीवीच्या लेखी ही त्याला पसरवणाऱ्या, रक्त पिणाऱ्या कबुतरमाशीच्या पोटात पोचल्याची खूण. हिमोप्रोटिअस कोलुंबी हा कबुतरातला परजीवी लाल पेशीच्या केंद्रकाला वेटोळं घालून बसलेला असतो. काही मिनिटांत तो गोल होतो, पेशीतून बाहेरही पडतो. वेटोळं गेलं की ओळख गेली! असे गोळे बघून मी प्लाझ्मोडिअम, म्हणजे मलेरियाचा परजीवी, समजलो होतो. फरक असा: प्लाझ्मोडिअमच्या विभाजनाच्या अवस्था लाल पेशींतच सापडतात, हिमोप्रोटिअसच्या तिथे कधीच नाहीत.

उपाय अगदी साधा, सेलवर चालणारा छोटा पंखा. तोंडाने फुंकू नका, वाफ बसते. वाळल्यावर पेशी पक्क्या बसाव्यात म्हणून स्लाइड शुद्ध मिथेनॉलमध्ये एक ते तीन मिनिटं. तेही हवेतलं पाणी ओढतं आणि मग पेशींत चकाकती भोकं दिसतात. ती परजीवी नव्हेत. म्हणून मिथेनॉल लहान बाटल्यांत, बूच घट्ट. फॉर्मॅलिन त्याच खोलीत नको, त्याच्या वाफेने रंग बिघडतो.

मग गिम्सा हा रंग, एकास नऊ, ७.२ पीएचच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), तासभर. नळाचं पाणी चालत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली १००० पट मोठं करून निदान शंभर क्षेत्रं बघायची.

आधी सांगायचं राहिलं: आठवड्याच्या पिल्लाचं रक्त तपासून 'ढाबळ स्वच्छ' म्हणू नका. चपटी कबुतरमाशी चावल्यापासून परजीवी रक्तात दिसेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. पिल्लू घरट्यात महिनाभर असतं, पिसं फुटताना माशीला तेच सोपं सापडतं. माशीचे काळे, गोल कोष घरट्याच्या काडीकचऱ्यात पडतात, माशी निघायला तीनेक आठवडे लागतात. तेव्हा कचरा दर पंधरा दिवसांनी काढून जाळायचा.

रानपाखरांना हात लावायचा असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. तो अर्ज मात्र पावसाळ्याच्या बराच आधी टाका.