नवरात्राच्या तोंडावर येणारे क्लायंट

श्रावण सरत आला की वडोदऱ्यातील जिममध्ये नवी नावनोंदणी वाढते आणि येणाऱ्या बहुतेकांची मागणी एकच असते, ती म्हणजे नवरात्रापर्यंत वजन उतरले पाहिजे. प्रशिक्षक म्हणून आपण ही मागणी जशीच्या तशी स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या शहरातला गरबा हा स्वतःच एक मोठा व्यायाम असून मोठ्या मैदानांवर तो अनवाणी, तासन्‌तास आणि सलग नऊ रात्री खेळला जातो. एरवी दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला आपण सहा आठवडे केवळ घाम गाळायला लावले, तर त्याचे वजन कदाचित थोडे उतरेल. पण तिसऱ्या रात्री टाच किंवा गुडघा धरून बसण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते. त्याला नऊ रात्री पेलण्याजोगे करणे हे आपले पहिले काम आहे.

त्याची सुरुवात ट्रेडमिलवर नव्हे, तर विचारपूस करण्यापासून होते. छातीत कधी दुखते का, चालताना धाप लागते का, चक्कर येते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का, हे सर्व विचारून वहीत लिहून ठेवावे आणि संशय आल्यास डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत जोराचा व्यायाम देऊ नये. गोळ्यांबद्दल तर विशेष आग्रह धरावा, कारण अनेक जण ‘बीपीची एक छोटी गोळी आहे’ एवढेच सांगून विषय संपवतात. ती गोळी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल यांसारखी असेल, तर व्यायामातही नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत. अशा व्यक्तीला नाडीच्या कमाल ठोक्यांचे ‘२२० उणे वय’ हे सूत्र लावून ‘अजून जोर लावा’ म्हणणे धोक्याचे आहे. तेथे बोलण्याची कसोटी अधिक उपयोगी पडते: व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर श्रम मध्यम आहेत, आणि दोन-चार शब्दांतच दम लागत असेल, तर ते जास्त आहेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते, म्हणून ग्लुकोज हाताशी असावे. छातीवर दाब, घाम आणि जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, असे दिसताच व्यायाम थांबवून १०८ ला फोन करावा. पाणी पाजून वाट पाहत बसू नये.

आता पायांविषयी. स्नायू काही आठवड्यांत बळकट वाटू लागतात. मात्र टाचेमागची कंडरा, म्हणजे अकिलिस टेंडन, त्या मानाने फार सावकाश तयार होते आणि अनेक दुखापती या अंतरातून उद्भवतात. म्हणून आधी दोन्ही पायांवर टाचा उचलणे, मग एका पायावर, मग पायरीच्या कडेवरून सावकाश खाली येणे, आणि हे सर्व न दुखता जमू लागल्यावरच छोट्या उड्या व गिरक्या, असा क्रम ठेवावा. शेवटच्या दोन आठवड्यांत थोडा वेळ अनवाणी सराव करून घ्यावा. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखणार, हे आधीच सांगितले, तर माणूस घाबरून जिम सोडत नाही. सांध्यात टोचणारी किंवा सूज आणणारी वेदना मात्र वेगळी समजावी.

दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव व्यायाम शिकवत असत आणि हाडा-सांध्यांच्या दुखापतींवरील उपचारांसाठीही प्रसिद्ध होते. ज्या शहरात ही परंपरा आहे, तेथे आपण शिष्याच्या शरीराची चौकशी न करता केवळ सेट मोजावेत, हे मला मनापासून खटकते.

एक गोष्ट वागण्याची. व्यायामातील शरीराची स्थिती सुधारण्यासाठी हात लावण्यापूर्वी ‘काकू, खांद्याला हात लावून दाखवू का?’ असे दर वेळी विचारावे. नकार आला, तर स्वतः करून दाखवावे. वजनाचा आकडा चारचौघांत उच्चारू नये.

प्रत्यक्ष नवरात्रात पायांचा जड व्यायाम पूर्ण बंद ठेवावा. अनेक जण उपवास करतात, काही एकभुक्त राहतात, आणि झोप मध्यरात्रीनंतरची असते. त्यामुळे ज्यांना यायचेच आहे, त्यांना वीस-पंचवीस मिनिटे पाठ व खांद्यांचे व्यायाम आणि हलके स्ट्रेचिंग एवढेच द्यावे. मैदानावर जाण्यापूर्वी ताक किंवा लिंबू-सरबत आणि थोडे खाणे झाले आहे का, हे विचारावे. रक्तदाबासाठी मीठ कमी करण्याचा सल्ला असेल, तर ताकात मीठ नको. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन कोणी कडक उपवास धरणार असेल, तर घटस्थापनेच्या आधीच त्यांना डॉक्टरांकडे पाठवावे, म्हणजे गोळीची मात्रा वेळेत ठरवता येते. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवस विश्रांती द्यावी आणि मग वही उघडून टाच, गुडघा व कंबर यांची पुन्हा तपासणी करूनच पुढचा व्यायाम ठरवावा.