रिकामा महिना आणि ओली भिंत

गुंतवणूक म्हणून पहिली सदनिका घेतली, तेव्हा तिचा सगळा हिशेब मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडला होता. एका बाजूला बारा महिन्यांचे भाडे, दुसऱ्या बाजूला कर्जाचे बारा हप्ते, आणि दोहोंतला फरक म्हणजे मला करावी लागणारी पदरमोड. किंमत वाढत जाईल आणि ही पदरमोड कधीतरी व्याजासकट भरून निघेल, हे गृहीतच होते. बेरजेत चूक नव्हती; ज्या रकमा मी लिहिल्याच नाहीत, त्यांत ती होती. आता ओळखीतले कोणी ‘सुरुवात कुठून करू’ असे विचारू लागले, की मी परिसर किंवा इमारत सुचवत नाही. आधी तो पाकिटावरचा हिशेब पुन्हा, पण पुरा, मांडायला सांगतो.

चलन कोणतेही असो, मालमत्तेची किंमत 100 धरू. त्यातले 20 आपले आणि 80 कर्जाचे. व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षे. अशा कर्जाचे वर्षभराचे हप्ते सुमारे 8.33 होतात. वर्षाचे भाडे किमतीच्या पाच टक्के, म्हणजे 5 मिळेल असे मानले, तरी दोन भाडेकरूंच्या मध्ये एक महिना घर रिकामे राहिले की हाती 4.58 येतात. दुरुस्तीसाठी दरवर्षी किमतीचा एक टक्का बाजूला ठेवावा असा एक ठोकताळा आहे, आणि जुन्या इमारतीला तोही अपुरा पडतो. देखभाल शुल्क, मालमत्ता कर आणि विमा मिळून आणखी 0.7 धरले, तर शेवटी 2.9 च्या आसपास उरतात. म्हणजे दरवर्षी जवळपास साडेपाच आपल्या खिशातून जाणार. सुरुवातीला घातलेल्या 20 च्या मानाने ही रक्कम पाव हिश्श्याहून अधिक आहे, आणि ती एकदा नव्हे, दरवर्षी घालायची आहे. ज्याला हे झेपते त्याने जरूर घ्यावे. मात्र ‘भाड्यातून हप्ता निघतो’ हे वाक्य ऐकताच कोणते भाडे, कोणता हप्ता आणि किती महिन्यांचे, हे तिथल्या तिथे विचारावे.

हप्त्याच्या पोटात काय असते, तेही एकदा पाहून ठेवण्याजोगे आहे. वरच्याच कर्जात पहिल्या वर्षी भरलेल्या 8.33 पैकी सुमारे 6.74 व्याजाचे असतात आणि मुद्दल जेमतेम 1.6 ने कमी होते. व्याजदर तोच राहिला तर अर्धे मुद्दल फिटायला जवळजवळ 14 वर्षे लागतात, आणि उरलेले अर्धे शेवटच्या सहा वर्षांत फिटते. म्हणून पाचव्या-सहाव्या वर्षी विकून मोकळे होऊ असे ज्यांच्या मनात असते, त्यांनी परतफेडीचे वेळापत्रक सही करण्याआधी मागून घ्यावे आणि त्यातली सहाव्या वर्षाची ओळ बोट ठेवून वाचावी. तिच्यापुढे खरेदीच्या वेळचे शुल्क, दलाली आणि विक्रीचा खर्च लिहिला, की किंमत किती वाढली तर आपण केवळ बरोबरीत सुटू, हे कळते.

कर्ज नफ्याला जसे फुगवते तसेच तोट्यालाही. किंमत दहा टक्के वाढली तर आपले 20 हे 30 होतात, आणि दहा टक्के उतरली तर 10 च उरतात. हे केवळ कागदावरचे भय नाही. अमेरिकेत घरांच्या किमतींचा केस-शिलर राष्ट्रीय निर्देशांक 2006 च्या शिखरावरून 2012 पर्यंत सुमारे 27 टक्के खाली आला. जपानमधल्या मोठ्या शहरांतल्या जमिनीच्या किमती 1991 च्या सुमारास शिखरावर पोहोचल्या आणि त्यानंतर दशकाहून अधिक काळ उतरत राहिल्या. अशा काळात सगळेच बुडत नाहीत. ज्यांना हप्ते भरत थांबता येते ते थांबतात, आणि नोकरी गेल्यामुळे किंवा भाडेकरू नसल्यामुळे ज्यांना मिळेल त्या भावाला विकावे लागते, त्यांचे भांडवल जाते. माझ्या मते म्हणूनच सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय पहिली मालमत्ता घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त मिळत असो.

आता त्या ओल्या भिंतीविषयी. मी सदनिका पाहायला गेलो ती भर दुपारी, लख्ख उजेडात. शयनगृहाची एकच भिंत नव्याने रंगवलेली होती आणि मला ती मालकाची हौस वाटली. त्या भिंतीमागे न्हाणीघर आहे, हे नकाशात दिसत असूनही मी ते जोडून पाहिले नाही. दोन महिन्यांत रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटले, आणि खाली जमिनीलगत पांढरा क्षार फुटला. प्लंबरने भिंतीला हातही लावला नाही. त्याने न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याचे तोंड, कापडाने घट्ट बंद केला, फरशीवर दोन बोटे पाणी साठवले, पाण्याच्या कडेला खडूने खूण केली आणि ‘उद्या बघू’ म्हणून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या बरेच खाली गेले होते. फरशी उखडून, जलरोधक थर नव्याने देऊन, पुन्हा फरशी बसवेपर्यंत चार महिन्यांचे भाडे त्यात गेले आणि भाडेकरूची नाराजी पदरात पडली, ती वेगळीच. ‘घर पाहावे बांधून’ म्हणणाऱ्यांनी ते कधी भाड्याने देऊन पाहिले नसावे.

तेव्हापासून मी कोणतेही घर दोनदा पाहतो, त्यातला एक फेरा शक्य असेल तर पावसानंतरचा असतो. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर तिच्या पलीकडे काय आहे ते आधी पाहतो. सगळे नळ एकाच वेळी सोडून धार बारीक होते का आणि पाणी तुंबते का ते बघतो, फरशीवर नाण्याने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकतो, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत आणि कपाटाच्या मागे हात घालून ओल चाचपतो. विक्रेत्याला हे कधीकधी अपमानास्पद वाटते. त्याचा मान राखून हे करता येते, पण केल्याशिवाय राहू नये.

भाडेकरूबाबत माझे मत अनेकांना पटत नाही. बाजारात भाडे पाच टक्क्यांनी वाढले म्हणून चांगल्या भाडेकरूकडे तेवढी वाढ मागितली, तो निघून गेला आणि घर एक महिना रिकामे राहिले, तर त्या एका महिन्याची भरपाई वाढीव भाड्यातून व्हायला 20 महिने लागतात. त्यात नव्या भाडेकरूसाठी केलेली रंगरंगोटी आणि दलाली धरलेलीच नाही. वेळेवर भाडे देणारा, नळ गळू लागल्याच दिवशी कळवणारा माणूस टिकवणे हेच या व्यवसायातले सर्वांत किफायतशीर काम आहे. त्यासाठी त्याचा फोन उचलावा लागतो आणि तक्रार आली की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणीतरी दारात उभे राहील अशी व्यवस्था लागते. सोबत करार नेमका असावा: अनामत रकमेतून काय कापले जाईल, कोणती दुरुस्ती कोणी करायची, घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची. किल्ली देतानाच मीटरचे आकडे आणि प्रत्येक खोलीची छायाचित्रे दोघांच्या सहीनिशी ठेवली, तर निरोपाच्या दिवशी वाद होत नाही.

हे सगळे वाचून हा गुंतवणुकीपेक्षा नोकरीचाच प्रकार वाटतो, अशी कोणाची तक्रार असेल तर ती रास्त आहे. ज्यांना नळ, किल्ल्या आणि फोन नको आहेत, त्यांच्यासाठी रीट, म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, हा मार्ग आहे. अमेरिकेत 1960 च्या कायद्याने सुरू झालेली ही रचना आज अनेक देशांत आहे. भाडे मिळवणाऱ्या इमारतींच्या समूहात छोटा हिस्सा शेअरसारखा विकत घेता येतो आणि मिळणाऱ्या उत्पन्नाचा बहुतांश भाग धारकांना वाटणे अशा संस्थांना बंधनकारक असते. याउलट ज्यांना हे काम आवडते पण भांडवल नाही, त्यांनी एखाद्या परिचिताच्या दोन-तीन घरांची व्यवस्था वर्षभर पाहावी. मी तसे केले असते तर ती भिंत मला पहिल्याच दिवशी दिसली असती.

राहिली कागदपत्रे. पुष्कळांचा समज असतो की दस्त नोंदवला की मालकी सिद्ध झाली. अनेक देशांत नोंदणी ही केवळ व्यवहार झाल्याची नोंद असते आणि विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता की नाही, याची हमी सरकार देत नाही. ही अडचण ओळखून रॉबर्ट टॉरेन्स यांनी 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात वेगळी पद्धत आणली, जिच्यात सरकारी नोंदवहीतली नोंद हाच मालकीचा पुरावा ठरतो. पुढे ती अनेक देशांनी स्वीकारली. आपण जिथे खरेदी करतो तिथे यातली कोणती पद्धत चालते, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावे. हमी नसेल तर मागच्या सगळ्या हस्तांतरणांची साखळी, वारसांच्या सह्या आणि मालमत्तेवरचा बोजा तपासून घ्यावा लागतो. वकिलाचे शुल्क या सगळ्या हिशेबात अगदी किरकोळ असते, तरी लोक नेमके तिथेच हात आखडतात.

सध्या मी तिसरी सदनिका पाहतो आहे. हिशेब बसतो, भिंती कोरड्या आहेत, न्हाणीघरात पाणी साठवून पाहण्याची परवानगीही मालकाने आनंदाने दिली. मात्र मालमत्तेच्या मागच्या नोंदी तपासणाऱ्या शोध अहवालात अकरा वर्षांपूर्वीचे एक गहाण निघाले. कर्ज केव्हाच फिटले आहे, पण बोजा उतरवल्याची नोंद कुणी केलीच नाही. मालक म्हणतात की पंधरा दिवसांत काम होईल. मी विसार पावती घडी घालून पाकिटात ठेवली आहे आणि पाकीट अजून माझ्याच खणात आहे.