ओतूरच्या पुढे दोन रात्री : शेकोटीचं सरपण आणि बॅटरीवरचा चेनसॉ

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण दोन रात्रींसाठी तंबू घेऊन गेलो होतो. पुण्याहून पहाटे निघून नारायणगाव, आळेफाटा करत ओतूरला चहा, आणि तिथून माळशेजच्या रस्त्याला लागून पिंपळगाव जोगा धरणाच्या अलीकडे मित्राच्या मामांचं शेत. एका बाजूला कांद्याची लागण, दुसऱ्या बाजूला पडीक माळ, बांधावर बाभळी आणि सुबाभळी. जूनच्या वादळात आंब्याची एक जाड फांदी मोडून पडली होती आणि बांधावरची एक बाभूळ दोन वर्षांपासून उभी वाळलेली होती. "लागंल तेवढं सरपण घ्या, पण हिरव्याला हात लावू नका," असं मामांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. म्हणून या वेळी कोयत्याच्या जोडीला बॅटरीवरचा चेनसॉ, म्हणजे दातेरी साखळी फिरवून कापणारी यंत्रकरवत, नेला. परतल्यावर चार जणांनी विचारलं की कोणता घ्यावा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी परवानगीचं, कारण सॉ कुठे वापरता येईल यावरच तो कोणता घ्यायचा हे ठरतं. राखीव जंगलात आणि अभयारण्यात आग पेटवणं, लाकूड तोडणं हा गुन्हा आहे; भारतीय वन अधिनियम १९२७ चा आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यामुळे किल्ल्यावर, घाटमाथ्यावरच्या जंगलात सॉ नेण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे स्टोव्ह न्यावा आणि गरम कपडे घालावेत. मालकीच्या शेतातसुद्धा आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन अशी झाडं तोडायला महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. आपल्या वाट्याला येतं ते मालकानं दाखवलेलं, पडलेलं किंवा वाळलेलं लाकूड. आणि असं लाकूड बहुतेक वेळा मनगटाएवढं ते मांडीएवढं जाड असतं. ही जाडी डोक्यात ठेवूनच दुकानात जावं.

आमच्याकडे दोन यंत्रं होती. माझा १८ व्होल्टचा, १० इंची बारचा (बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी), चेन ब्रेक (झटका बसताच चेन थांबवणारा) असलेला आणि चेनला आपोआप तेल सोडणारा. दुसरा एका मित्रानं ऑनलाइन मागवलेला ६ इंची मिनी सॉ, ज्याच्या खोक्यावर व्होल्टचा आकडा भलताच मोठा छापला होता. या आकड्यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि तेच पूर्ण चार्ज असताना २० भरतात. म्हणजे एका कंपनीचं १८ आणि दुसरीचं '२० मॅक्स' हे एकच. मनगटाएवढ्या बॅटरीवर शंभराच्या वर व्होल्ट लिहिलेले दिसले तर ते नुसतं स्टिकर समजावं. पाहायचं ते वॅट-तास, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. लाकडात घुसलेला सॉ ५००-६०० वॅट सहज ओढतो, म्हणजे निव्वळ कापण्याची नऊ-दहा मिनिटं मिळतात. ऐकायला कमी वाटतं, पण दंडाएवढी बाभूळ कापायला सात-आठ सेकंद लागतात. पहिल्या संध्याकाळी मी मोजलं : एका चार्जमध्ये बाभूळ-सुबाभूळ मिळून ५८ काप. सहा जणांच्या एका रात्रीच्या शेकोटीला ते पुरून उरलं. २ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी मात्र घेऊ नका. एवढा करंट ओढल्यावर ती तापते आणि सॉ मधेच बंद पडतो.

तुमच्याकडे आधीच एखाद्या कंपनीचं कॉर्डलेस ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा सॉ घ्या, हा माझा पहिला सल्ला. यात बराच खर्च वाचतो. नुसत्या यंत्राची किंमत पाहून हुरळून जाऊ नका, बॅटरी आणि चार्जर धरूनच हिशोब करा. आणि एकाच कंपनीच्याही सगळ्या बॅटऱ्या एकमेकींत बसतात असं नाही. बॉशच्या हिरव्या आणि निळ्या अवजारांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत. मकिताचे काही मोठे सॉ १८च्या दोन बॅटऱ्या लावून ३६ व्होल्टवर चालतात. रोज शेतात काम असेल तर ते उत्तम, वर्षातून चार मुक्कामांसाठी वजन उगाच वाढतं.

पहिल्या दिवशी मिनी सॉ सुरू केला तेव्हा कापण्याऐवजी नुसता धूर येऊ लागला. लाकडावर काळी रेघ उमटली, भुसा काहीच नाही. बॅटरी काढून कव्हर उघडलं तर चेन उलटी बसवलेली. बारच्या वरच्या कडेवर दातांची धार टोकाकडे बघणारी हवी, ही एवढी खूण लक्षात ठेवा. सुलटी बसवल्यावर त्याच यंत्रानं मनगटाएवढ्या सुबाभळी भराभर कापल्या. तेल मात्र त्यात बटण दाबून सोडावं लागतं, आणि कामाच्या भरात ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. अर्ध्या तासात चेन तापून सैल झाली आणि बारवरून उतरली. त्याला चेन ब्रेकही नव्हता. मिनी सॉ एका हातात मावतो म्हणून लोक दुसऱ्या हातानं फांदी धरतात, आणि हातापायाला लागतं ते तेव्हाच. लहान यंत्र घ्यायला हरकत नाही, पण दोन्ही हातांनी धरता येईल अशी मूठ, पुढचं गार्ड आणि आपोआप तेल हे तिन्ही असलेलंच घ्या.

दुसऱ्या सकाळी वाळक्या बाभळीला लागलो. बुंधा जमिनीपासून हातभर वर निम्मा कापला असेल, तोच खर्रकन आवाज आला आणि ठिणग्या उडाल्या. लगेच बंद केला. मामा कांद्याला पाणी धरत होते, ते बांधावरून आले, बुंध्यावरून बोट फिरवलं आणि एका फुगवट्यावर थांबले. "कुंपणाची तार मारल्याली हितं. मी लहान होतो तवा. झाडानं गिळली ती." कापातून खरोखरच गंजक्या काटेरी तारेचं टोक दिसत होतं. आजूबाजूला वाळकं गवत होतं, त्यामुळे आधी पाणी मारून जागा ओली केली, मग चेन पाहिली. लागोपाठ सात दातांची टोकं गोल झाली होती.

बांधावरच्या, कुंपणातल्या, रस्त्याकडेच्या झाडात तार, खिळा असणार असंच धरून चाला. साल जिथे आडवी फुगलेली किंवा चिरलेली दिसते तिथून वीतभर वर कापा. जमिनीवर पडलेल्या ओंडक्याची मातीकडची बाजू कापतानाही धार अशीच जाते. खाली दुसरं लाकूड घालून ओंडका उचलून घ्यावा.

धार गेली हे भुशावरून कळतं. चांगली चेन तांदळाच्या कण्यांएवढे कपचे उडवते. बोथट झाली की पिठासारखी भुकटी पडते आणि आपण नकळत सॉ दाबू लागतो. दाबलं की बॅटरी लवकर संपते. गोल कानस सोबत हवीच. माझ्या तीन-अष्टमांश इंची लो-प्रोफाइल (बुटक्या दातांच्या) चेनला ४ मिलिमीटरची लागते. तुमच्या चेनची मापं पाहून घ्या. बॅटरी काढायची, हातमोजे घालायचे, दातावरच्या तिरक्या रेघेच्या दिशेनं आतून बाहेर कानस ढकलायची, परत ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात. तीन तर सगळ्यांना तीन. नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. खराब झालेल्या दातांना मला जास्त लागले, मग बाकीचेही तेवढेच उतरवले. पाऊण तास गेला. जादा चेन पिशवीत टाकली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. तुम्ही टाका.

आंब्याची फांदी बुडाशी फूटभर जाड होती. मिनी सॉ तिथे निरुपयोगी. १० इंचीनं दोन बाजूंनी कापून जमली. ती दोन टोकांवर टेकलेली आणि मध्ये अधांतरी होती. अशा लाकडाचा वरचा भाग दाबलेला आणि खालचा ताणलेला असतो, म्हणून आधी वरून एक तृतीयांश कापायचं आणि मग खालून वर येऊन पूर्ण करायचं. सरळ वरूनच कापत गेलात तर काप मिटतो आणि बार अडकतो. टोक हवेत लोंबत असेल तर उलट : आधी खालून थोडं, मग वरून. आणि बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागू देऊ नका, सॉ झटक्यात तोंडाकडे उसळतो. डोळ्यांना चष्मा, पायात जाड बूट, गळ्यात मफलर किंवा उपरणं नको, आणि कापणारा प्यायलेला नको. आमच्यात हा नियम आधीच ठरला होता आणि सगळ्यांनी पाळला.

मामांनी आमच्या ढिगातून एक काळपट डाग पडलेलं लाकूड वेगळं काढलं. "ह्ये नको. बिब्ब्याचंय." शहरातल्यांसाठी हे फार महत्त्वाचं. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर उततो, फोड येतात, आणि लाकडाचा धूरसुद्धा बाधतो. कण्हेरीचंही लाकूड जाळू नये. झाड ओळखता येत नसेल तर मालकाला दाखवल्याशिवाय काहीही कापू नका, पेटवू नका. रचलेल्या लाकडाखाली हात घालण्याआधी काठीनं हलवून घ्या, विंचू आणि फुरसं तिथेच असतात. शिवाय जुन्नर तालुका म्हणजे बिबट्याचा मुलूख. सगळं कापणं आम्ही ऊन असेतोवर उरकलं. अंधारात सरपण शोधायला कोणी बांधाकडे गेलं नाही.

चार्जिंगचं आधी विचारून ठेवा. शेतपंपाची थ्री-फेज लाइन ठरावीक तासच असते, कधी दिवसा, कधी रात्री. चार्जर मामांच्या घरच्या सिंगल-फेजवर लावला. गाडीच्या लायटरच्या सॉकेटवर भरवसा ठेवू नका, त्याचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे १२० ते १८० वॅट. फास्ट चार्जर त्याहून जास्त मागू शकतो. कापून तापलेली बॅटरी अर्धा तास सावलीत ठेवून मगच लावा.

नेताना बॅटरी काढलेली, बारवर म्यान, तेलाची टाकी रिकामी, आणि खाली प्लास्टिकचा ट्रे. हे सॉ बंद असतानाही तेल गाळतात. काळं जळकं इंजिन ऑइल टाकू नका. आपण त्या लाकडावर वांगी भाजणार असतो. बार ऑइल संपलं तर घरचं सोयाबीन तेल दोन दिवस चालतं, पण परतल्यावर पुसून काढा, नाहीतर चिकटून बसतं.

दोघंच जाणार असाल तर सॉ घेऊच नका. घडीची चांगली करवत आणि लहान कुऱ्हाड यात काम होतं. आमच्याकडेही आंब्याचे ओंडके शेवटी कुऱ्हाडीनंच फोडले. अख्खा ओंडका धुमसत राहतो, फोडलेली ढलपी पेटते. पेटायला सुबाभूळ, रात्रभर निखारा टिकायला बाभूळ. शेकोटी नांगरलेल्या उघड्या जमिनीवर, भोवती दहा पावलं गवत नाही अशा ठिकाणी, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. सकाळी राखेत पाणी ओतून, ढवळून, हात लावून पाहिलं आणि मगच तंबू उचलले.

उरलेलं सरपण मामींच्या चुलीमागे रचून दिलं. त्यांनी एक तुकडा उचलला आणि चुलीत आडवा-उभा लावून पाहिला. "लई लांब हाय. निम्मं बाहेर ऱ्हातं आन् निखारा खाली पडतो." मग दीड वितीची काडी मोडून माझ्या हातात दिली. निघायच्या आधी तेवढ्या मापानं सगळे तुकडे पुन्हा कापले. शेवटच्या बॅटरीत ३१ काप झाले आणि तिच्यावरचा चार्ज दाखवणारा एक दिवा अजून जळत होता.