एकोणतीसचा घोळ

आप्पा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत प्रोसेसिंगला आहेत. विणलेल्या टॉवेलांची खळ, म्हणजे सुताला लावलेला स्टार्च, काढायला ते हौदात ‘एन्झाइम’ ओततात. ते म्हणजे अल्फा-अमायलेज, स्टार्च तोडणारं प्रोटीन, हे मला एमएस्सीला कळलं आणि प्रोजेक्टला तेच धरलं, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस जिवाणूचं. त्याची स्टार्च तोडणारी नेमकी जागा संगणकावर ओळखायची होती. सर म्हणाले, उत्तर माहीत असलेलंच प्रोटीन घे, चुकलीस तर लगेच कळेल.

चुकलेच. सारखी प्रोटीनं शोधून देणाऱ्या ब्लास्टच्या यादीतले वरचे पन्नास क्रम (प्रोटीनच्या साखळीतली अमिनो आम्लं, ओळीनं) उचलले, सगळे बॅसिलसच्याच गोतावळ्यातले. एका भावकीतली माणसं रांगेत उभी केली तर नाकं सारखीच दिसणार! न बदलता टिकलेल्या जागा किरमिजी दाखवणाऱ्या कॉन्सर्फनं जवळजवळ अख्खं प्रोटीन रंगवून दिलं. मग माणसाचं, बार्लीचं, बुरशीचं अमायलेज मिसळलं, तेव्हा कुठे मोजक्या जागा उरल्या. त्यातही काही ग्लायसिन (सगळ्यात लहान अमिनो आम्ल) नुसते साखळीच्या वळणासाठी टिकलेले, काही आम्लं कॅल्शियम धरणारी. (प्रोटीनचा आकार संगणकानं वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डच्या डेटाबेसमधल्या मॉडेलमध्ये कॅल्शियम नसतंच. मी वेड्यासारखी शोधत बसले होते.) प्रोटीनवरच्या खोबणी शोधणाऱ्या एफपॉकेटनं दाखवलेल्या खोबणीशी ताडून पाहिल्यावर तीन आम्लं हाती लागली, आकडा म्हणजे साखळीतला नंबर: अस्पार्टेट २६०, ग्लुटामेट २९०, अस्पार्टेट ३५७.

या प्रोटीनवरच्या शोधनिबंधात, पेपरात, मात्र २३१, २६१, ३२८.

चार दिवस सगळं पुन्हा चालवलं. पाचव्या दिवशी, एप्रिलातल्या दुपारी लाइट गेली, लॅपटॉपही बसला. वहीच्या मागच्या पानावर सहज वजाबाक्या केल्या. २९. २९. २९.

हा जिवाणू अमायलेज पेशीबाहेर सोडतो. पहिली २९ आम्लं म्हणजे बाहेर पडायचा पास, बाहेर जाताना तो तुकडा कापला जातो. युनिप्रोट, म्हणजे मी क्रम घेतला तो प्रोटीनांचा डेटाबेस, सगळी ५१२ मोजतं, पेपरवाले उरलेली ४८३. माझ्या जागा बरोबर होत्या, मोजणीची सुरुवात वेगळी होती. माणसाच्या स्वादुपिंडातल्या अमायलेजमध्ये याच तीन जागांना १९७, २३३, ३०० म्हणतात. हे कुणी पहिल्या दिवशी का सांगत नाही, देव जाणे.

रात्री आप्पांना स्क्रीनवर ते तीन ठिपके दाखवले.

“एवढ्याशानं हौदभर खळ निघती? मग बाकीचं कशाला?”

म्हटलं, या तिघांना समोरासमोर धरून ठेवायला सगळा सांगाडा लागतो. पटलं की नाही, कुणास ठाऊक.

“पाणी गार असलं की तुझे तिघं काय कामाचे नाहीत बघ,” म्हणाले आणि ताटाकडे वळले.